वाळूचं टेकाड आणि खालची विहीर

आमच्या अंगणाच्या खालच्या अंगाला एक गवताळ टेकाड आहे. लांबट, उताराला आडवं, आणि त्यातून डोकं काढलेला एक पांढरा पाइप. एकदा केळझरच्या गणपतीला निघालेल्या दोन बायका पाणी प्यायला थांबल्या, तर त्यांनी चपला काढून त्या टेकाडाला हात जोडले आणि कोणाची समाधी म्हणून हळूच विचारलं. मी म्हटलं, "आमच्या संडासाची." त्यांनी पाणी न पिताच वाट धरली. खरं सांगायचं तर हात मीही जोडते त्याला, फक्त चपला काढत नाही.

आम्ही दोघं नोकरीपायी वर्षानुवर्षं वर्ध्याजवळ नालवाडीला राहिलो. सासूबाई मात्र इथं शेतातल्या घरातच. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता खाली बसणं बंद, बाहेर जाणं बंद. त्यांना नालवाडीला न्यायचं आम्ही ठरवून टाकलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले तिथं नोका नेऊ. मी तिथं जगतो खरी, पन राह्यत नाई." मग आम्हीच इथं आलो आणि त्यांच्या खोलीला लागून खुर्चीचा संडास बांधला. म्हातारीचं इथलं राहणं त्या एका संडासावर टांगलेलं होतं.

मिस्त्रीने सगळ्यांकडे खणतो तसा शोषखड्डा खणला. आमची जमीन उताराची, वर हातभर काळी माती आणि खाली काळा दगड. उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. पावसाळ्यात काळी माती फुगली की ती आणखी एक थेंब घ्यायला तयार नसते. खड्डा तुंबला, आणि ते पाणी उताराने झिरपत खालच्या बांधाशी निघालं. बांधाच्या पलीकडे शेजाऱ्यांची विहीर.

त्या विहिरीची थोरवी इथं राहिल्याशिवाय कळायची नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी कणीदार राहते. विहिरीच्या पाण्यात ती लोण्यासारखी होते. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून तेच पाणी प्यायल्या होत्या. शेजारीण भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. एका सकाळी ती विहिरीला वळसा घालून रस्त्यावरच्या बोअरकडे पाण्याचा पितळी गुंड कमरेवर घेऊन जाताना दिसली, एवढंच.

आणि मग पोळा आला. पोळा फुटला, म्हणजे तोरणाखाली जमलेले बैल सुटले, की शेजारणीचे बैल सगळ्यात आधी आमच्या दारी यायचे, हा सासूबाईंच्या सासूच्या काळापासूनचा रिवाज. त्या वर्षी सासूबाई ताट घेऊन दारात खुर्चीवर बसल्या. दुसऱ्यांचे बैल आले, पुरणपोळी खाऊन गेले. ते दोन आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडी पिशवीत भरून पिशवी पलंगाखाली ठेवली. "न्या मले नालवाडीले," म्हणाल्या. "माह्यापाई त्या पोरीची इहीर नासली."

आमचे हे कोणत्याही कामाचं घोंगडं भिजत ठेवण्यात पटाईत. पण त्या दिवशी लगेच वर्ध्याला गेले आणि आपल्या इंजिनियर मित्राला घेऊन आले. त्याचं म्हणणं सोपं होतं: खालची जमीन पाणी घेत नाही, तर वर आपण जमीन करायची. धुतलेल्या वाळूचा थर, त्यावर गिट्टी, गिट्टीत भोकं पाडलेले पाइप, वर माती. संडासाच्या टाकीतलं पाणी छोट्या पंपाने थोडं थोडं त्यात सोडायचं, म्हणजे ते वाळूतून गाळलं जात, निवांत खाली उतरतं. टेकाडाच्या वरच्या बाजूला चर, म्हणजे पावसाचं पाणी बाजूने निघून जाईल. शेजारीण बांधावर उभी राहून बघायची. "पानी वर चढोता अन् मंग खालीच सोडता? काऊन जी?" तिने विचारलं. प्रश्न रास्तच होता. मला जमेल तसं मी समजावलं. उन्हाळ्यात आम्ही तिची विहीर उपसून, धुऊन, औषध टाकून दिली.

हे टेकाड म्हणजे नवा जावई आहे, मर्जी सांभाळावी लागते. लाइट गेली की पंप बंद, मग कपडे धुणं बंद. त्यावर झाड लावायचं नाही, मुळं पाइपात शिरतात. गुरं चढू द्यायची नाहीत, माती दबते. सासूबाईंना एवढी मोकळी माती वाया गेलेली बघवेना, त्यांनी खिडकीतून अंबाडीचं बी भिरकावलं. ती अंबाडी उपटता उपटता मी त्यांना बोलले, आणि त्यांनी मला.

त्या वर्षी श्रावणभर पाऊस लागून होता. मी रोज सकाळी बांधाशी जाऊन जमीन बघायची. पावसाचा ओलावा होता, पण तो वास नव्हता, ती बुळबुळ नव्हती. विहिरीचं पाणी तपासून घेतलं, चांगलं निघालं. मी शेजारणीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बोअरकडे गेली.

पोळ्याला सासूबाई पुन्हा दारात बसल्या. मी म्हटलं, फार वाट पाहू नका. तेवढ्यात घुंगरं वाजली. सवयीने बैल जुन्याच वाटेने, थेट टेकाडाकडे वळले. शेजारणीच्या नवऱ्याने कासरा ओढला आणि कडुनिंबाच्या मागून लांबचा फेरा घालून त्यांना वर आणलं. "त्याच्यावर वजन नाई पडलं पायजे ना जी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत एवढं मोठं देणं मला कोणी दिलं नव्हतं.

मागून शेजारीण आली, हातात झाकलेली वाटी. "मावशी, वरन हाय. आपल्या इहिरीच्या पान्यातलं."

सासूबाईंनी डाळ दोन बोटांत चिरडून पाहिली. वाटी तोंडाला लावली आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. मग तोंड पुसून माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, ते पलंगाखालची पिशवी सोड. लुगडे फळीवर ठेवून दे."