तोंडाने करून दाखव

इंदूकाकूंशी बोलायचे म्हणजे ओरडायचे. त्यांना फार कमी ऐकू येई आणि कानाचे मशीन त्या डब्यात ठेवून देत. "त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो," म्हणत. विद्यानगरच्या घरात त्या एकट्या होत्या. मी पोळ्या करायला जात असे. मला मोठ्याने बोलायची लाज वाटे. पहिले कित्येक दिवस मी मानेनेच हो-नाही केले.

मग मी सायकल घेतली. तारनाक्याला मी जिथे काम करते त्या घरातला मुलगा परदेशी गेला, त्याची जाड टायरची, गिअरची. अंबरपेठहून सगळी घरे गाठायला ती हवीच होती. पण गिअर बदलला की ती असा आवाज करी की लोक वळून बघत. मी लाजेने उतरून चालू लागे आणि कामाला उशीर होई. तारनाक्याच्या बाई म्हणाल्या, "असंच चाललं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

त्या दिवशी मी सायकल ढकलत काकूंकडे पोचले.

"मंगल, सायकल तुला आणते की तू सायकलला?"

मी मागच्या चाकाकडे बोट दाखवले.

"आवाज येतो? कसा? तोंडाने करून दाखव."

मी हळूच केला.

"असा नक्को. कायकू लाजतीस? माझ्या कानात जाऊ दे."

अंगणात उभी राहून मी ओरडले, "कर्रर्र... टक्! कर्रर्र... टक्!" शेजारी गॅलरीत आले. काकू खूश झाल्या.

"हौ, आता कळलं. साखळीला कुठे बसावं ते समजत नाहीये."

त्यांचा मुलगा आता दूर देशात असतो. शाळेत असताना तो आपली सायकल नीट करी, तेव्हा पायडल फिरवायचे काम काकूंचे असे. तेवढीच त्यांची माहिती. ओसरीतल्या झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधून आम्ही सायकल सीटपाशी टांगली, म्हणजे मागचे चाक अधांतरी फिरे. काकू पायडल फिरवत आणि मी गिअरच्या तारेच्या टोकाची चकरी जराजरा पिळत असे. पहिल्या दिवशी मी उलटी पिळली. साखळी चाकाच्या तारांत जाऊन अडकली.

"छान. आता आवाजच नाही," काकू म्हणाल्या.

रोज काम झाले की आम्ही पुन्हा बसत असू. "आता कसा येतोय?" "कर्रर्र गेलं, काकू! टक् आहे!" एके दुपारी टक्ही गेले. काकूंनी दांडीवर तळवा ठेवून पायडल फिरवले. "हाताला काही लागत नाही," म्हणाल्या आणि हात तसाच ठेवून बसल्या.

तारनाक्याचे काम टिकले. माझे ओरडणेही चालू राहिले. भाजीवाला काय म्हणाला, मुलगा फोनवर काय म्हणाला, सगळे मी ओरडून सांगे. "जेवलीस का विचारतोय, काकू!" "त्याला म्हणावं, तू जेवलास का?"

थंडीत काकू गेल्या. मुलगा आला आणि घराला कुलूप लावून गेला. झोपाळ्याच्या कडीला आमची दोरी तशीच आहे, फाटकातून दिसते.

गेल्या आठवड्यात सायकल पुन्हा वाजू लागली. चकरी पिळून पाहिली, पण पायडल फिरवायला कोणी नाही. अंबरपेठच्या दुकानात गेले. तिथे चार पुरुष बसलेले होते.

"क्या होरा, अम्मा?" मिस्त्रीने विचारले.

मी मान खाली घातली. मग वर केली आणि आवाज करून दाखवला. सगळे बघू लागले.

"आस्ते, अम्मा," तो हसून म्हणाला. "मेरे कू सुनाई देता."