तीन थेंब पाणी

विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. माझ्या एका शोधनिबंधात मी खोटं लिहिलं होतं, ते इथे नोंदवतो.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी हाटकेशला राहायचो. माझी पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी तारोडीहून यायची, कोळ्यांच्या घरातली. एक अभिक्रिया ती कित्येक महिने करत होती. कधी पदार्थ भरपूर मिळे, कधी काहीच नाही.

एक दिवस ती म्हणाली, "सर, घरी बोंबील वाळत न्हाय, त्या दिवशी इथे रिअ‍ॅक्शन होते."

"मग गच्चीवर बोंबील टांगू या का?"

प्रयोगशाळेतले सगळे हसले. तीही हसली. "हसा सर, पण हवेत ओल असली की होते."

तिने मुद्दाम पाण्याचे थेंब घालून पाहिले, अभिक्रिया झाली, तिने वहीत नोंद केली. माझं मत नेमकं उलट होतं: द्रावकात पाण्याचा अंशही नको. परिषदेत मी तसं ठासून सांगून बसलो होतो. शोधनिबंधात मी द्रावक म्हणून 'पूर्ण कोरडं टोल्युइन' लिहिलं आणि तिची नोंद वगळली.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेला ती अभिक्रिया जमेना. त्यांनी विचारलं, तेव्हा मी कळवलं की विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा झाला असावा. विभागात ते पसरलं. तिने पीएच.डी. सोडली. पुढे मी स्वतः प्रयोग केला. कोरड्या टोल्युइनमध्ये काही झालं नाही. पाणी टाकल्यावर पांढरे स्फटिक आले. मी फ्लास्क धुऊन ठेवला आणि गप्प राहिलो.

निवृत्तीनंतर शोधपत्रिकेसाठी दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि ते दाखवायला तिच्याकडे गेलो. ती गोडदेवला बारावीचे क्लास घ्यायची. पत्र तिने दारातच वाचलं.

"दोन थेंब न्हाय सर, तीन."

"मला दोन आठवतात."

"वही तुमच्याकडेच आहे, बघा. बारावीच्या पोरांनाही मी वही बघितल्याशिवाय आकडा लिहू देत न्हाय." मग नोंद वगळल्याच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आणि हे 'अनवधानाने' काढा."

चहाचं तिने विचारलं नाही. फळा अर्धा पुसलेला होता, ती आत गेली.

घरी येऊन वही उघडली. तीन थेंबच होते. आमच्याकडे रोजच्या पानावर मार्गदर्शकाने सही करायची पद्धत होती. त्या नोंदीखाली माझी सही होती.

पत्र पुन्हा लिहिलं. त्या शब्दाच्या जागी 'जाणूनबुजून' लिहिलं.