चहा पिता पिता सीमेपार

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, कारण वजीहामावशीनं दम भरला होता, "माझ्या दवाखान्याचं नाव टाकलंस तर कान उपटीन. आणि मला फार थोर करून ठेवलंस तर दोन्ही कान." म्हणून दवाखान्याचं नाव नाही. थोरपणाचं मात्र माझ्या हातात नाही, जे झालं ते झालं.

वजीहा नर्स आहे, घरोघरी जाऊन बघणारी. इर्बिद शहरातून सकाळी निघते आणि वर सीमेलगतच्या गावांमधून फिरत राहते, साखरेचे पेशंट, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, कुणाचं इंजेक्शन, कुणाची पट्टी. गाडी अशी हाणते की समोरचा ट्रकवाला आपणहून कडेला होतो. पेशंटवर ओरडते तर विचारू नका. साखर वाढलेली दिसली की त्यांच्या घरातला कनाफ्याचा, म्हणजे पाकातल्या मिठाईचा, डबा उचलते, "जप्त!" म्हणते, आणि संध्याकाळी तोच डबा आमच्याकडे आणून आम्हाला खायला घालते. तरी लोक तिची वाट बघतात. कड्यावरची म्हातारी उम्म दिरार तर तिच्या गाडीचा आवाज वळणावरून ओळखते.

तर गेल्या वर्षी दवाखान्यानं सगळ्या नर्सना टॅबलेट दिले. नोंदी, औषधं, जखमेचे फोटो, सगळं त्यात. फोटो टाकला की इर्बिदमध्ये बसलेला डॉक्टर लगेच बघतो. आणि टॅबलेटला एक नियम घातलेला, देशाची हद्द ओलांडली की कुलूप. लोकांच्या आजारपणाची माहिती भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून. नियम काही वाईट नव्हता, वजीहालाही पटलेला. पहिल्यांदा झालं तर कुलूप, दुसऱ्यांदा ताकीद, आणि तिसऱ्यांदा आतलं सगळं पुसलं जाणार, नर्स चौकशी होईपर्यंत घरी, आणि ज्या घरी झालं ते घर फेरीतून कायमचं बाद.

नियम करणारे राजधानीतले, अम्मानमधले. ते आमच्या वरच्या उम्म कैस गावाला कधी सहलीला तरी आले होते की नाही देव जाणे, कारण इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की कड्यावर उभं राहिलं की फोन सीमेपलीकडचा टॉवर पकडतो. खाली दरी, पुढे तळं, समोर डोंगर, मधे अडवायला काही नाहीच. आणि सीमेवर सिग्नल बिघडवून ठेवतात, त्यामुळे जीपीएसचं तर आता असं झालंय की घरात बसलेल्या माणसाला ते बैरूतच्या विमानतळावर दाखवतं. मग टॅबलेट बिचारा टॉवर बघून ठरवतो आपण कुठल्या देशात आहोत ते.

उम्म दिरारचं घर अगदी कड्यावरचं, शेवटचं. उम्म म्हणजे आई; दिरार तिचा मुलगा, तो कुवेतला असतो, घरी ती आणि सून फदवा. साखरेपायी म्हातारीच्या पायाचा अंगठा आधीच गेलाय, आणि आता टाचेला जखम. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलली नाही तर पाऊल जाणार, असं डॉक्टरनं फदवाला बाजूला घेऊन सांगितलेलं. इर्बिदला ये म्हटलं तर म्हातारी येत नाही. एकदा नेलं होतं, अंगठा तिथंच ठेवून घेतला म्हणते.

घराच्या पश्चिमेला मोठी खिडकी आणि खिडकीखाली घरातली सगळ्यात चांगली गादी. पाहुणा तिथंच बसणार. आमच्याकडे पाहुण्यानं कुठं बसायचं हे पाहुण्याला कोण विचारतं? म्हातारीचा जन्म त्या समोरच्या, आता सीमेपलीकडे गेलेल्या तळ्याकाठचा. लहान असताना लढाईत आईचं बोट धरून निघाली ती निघालीच, परत जाऊ दिलं नाही. मग खिडकीतून बोट करते, "ते पाणी संपतं ना, तिथं आमचं घर. तो उंचवटा दिसतो? त्याच्या अलीकडे." दर खेपेला. आणि वजीहा दर खेपेला पहिल्यांदा बघतेय असं बघते. टाच उशीवर, टॅबलेट मांडीवर, हातात मरमियाचा पाला घातलेला चहा.

आणि एक दिवस टॅबलेट काळा पडला. पाठोपाठ बिशरचा फोन. बिशर दवाखान्याची ही सगळी यंत्रं सांभाळतो, पोरगेलासाच आहे.

"सिस्टर, तुम्ही देश सोडून गेलात?"

"हो, नवऱ्याला कंटाळून. अरे बाबा, मी उम्म कैसला आहे, माझ्यासमोर चहा आहे!"

"मला इथं तुम्ही पलीकडे दिसताय."

"मग तुझ्या डोळ्यांना काहीतरी घाल."

बिशरनं कुलूप काढून दिलं. पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच, आणि या वेळी तो हसला नाही. "सिस्टर, लेखी ताकीद आलीय. आता पुन्हा झालं तर माझ्या हातात काही नाही, यंत्र आपोआपच पुसतं. ते घर बाद करतील. तुम्ही त्या खिडकीपाशी बसू नका ना! आतल्या बाजूला बसा. भिंतींचा आडोसा आला की आपलाच टॉवर लागेल."

"आतल्या बाजूला स्वयंपाकघर आहे रे."

"मग तिथं बसा."

"तुझ्या आईच्या घरी पाहुणा आला तर ती त्याला स्वयंपाकघरात बसवते?"

बिशरची आई सल्त गावची, पाहुण्यासाठी जीव टाकणारी, त्याला उत्तर माहीत होतं.

टॅबलेट गाडीतच ठेवावा तर गाडीही त्याच कड्याच्या रस्त्यावर, आणि फोटो टाचेचा काढायचा म्हणजे जिथं टाच तिथं टॅबलेट. वजीहा दोन रात्री झोपली नाही, नवऱ्याचं डोकं खाल्लं नुसतं. सोमवारी मात्र गेली. टॅबलेट बंद करून, टॉवेलात गुंडाळून, दारातच उभी राहून म्हणाली, "आज आपण आत बसू. स्वयंपाकघरात."

फदवाचा चेहरा पडला. "अगं बाई, भांडी तशीच पडलीत!"

उम्म दिरार म्हणाली, "का? माझी गादी चावते तुला?"

"तसं नाही. थंडी आहे जरा खिडकीपाशी."

"मे महिन्यात?" म्हातारीनं काठी आपटली. "गावाला कळलं तर काय म्हणतील? उम्म दिरारनं नर्सला चुलीपाशी बसवलं, मोलकरणीसारखी! माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग पोरी, अशी फिरवून मारू नकोस."

मग वजीहाला राहवलं नाही, तिनं सगळं सांगून टाकलं. खिडकी, टॉवर, ताकीद, सगळं. "ऑफिसला वाटतंय मी इथून उठून सीमेपलीकडे जाते. आता पुन्हा गेले तर तुझं घर बाद. तुझ्या टाचेकडे कोण बघणार मग?"

म्हातारी हसायला लागली. इतकी हसली की खोकला लागला, फदवानं पाणी आणलं.

"अख्खा जन्म गेला, मला एक पाऊल टाकू दिलं नाही तिकडे," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि तू माझ्या घरात बसून, माझा चहा पिता पिता दोनदा जाऊन आलीस?"

वजीहानं टॉवेलातला टॅबलेट छातीशी धरला.

"मग मलाही ने की! आण इकडे ते यंत्र." म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले.

"नाही. हे खिडकीपाशी नेलं तर मला इथं परत येता येणार नाही."

"टाचेचं मी बघते. कबरीत काय मला चालत फिरायचंय?"

"मला फिरवायचंय!" वजीहा ओरडली, पेशंटवर ओरडते तशीच. मग तिनं टॉवेल फदवाच्या हातात कोंबला. "हे आत नेऊन फ्रीजमागे ठेव." आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. स्वतःचा, ऑफिसचा नव्हे, त्याला कसलाच नियम नाही.

दोघी खिडकीपाशी बसल्या. म्हातारीनं फोन दोन्ही हातांत धरला, चिमणी धरावी तसा. फोन आपला टॉवर सोडेना. वजीहानं तो खिडकीबाहेर धरला, आत घेतला, पुन्हा बाहेर धरला. मग एकदम थरथरला, निरोप आला. म्हातारीला वाचता येत नाही.

"काय म्हणतंय?"

निरोपात त्या देशाचं नाव होतं, स्वागत होतं आणि फोन केल्यास किती पैसे पडतील ते होतं. वजीहानं वाचलं, पुन्हा वाचलं. मग नाव गाळलं, पैसेही गाळले.

"या म्हणतायत. स्वागत आहे म्हणतायत."

म्हातारी तळ्याकडे बघत होती.

"एवढ्या उशिरा?" ती म्हणाली.

फोन तिच्या मांडीवर तसाच राहिला, वजीहानं मागितला नाही. चहा निवला, फदवानं दुसरा आणला. मग म्हातारी काठी टेकत उठली.

"फदवा, ही गादी उचल. ती उशी पण. स्वयंपाकघरात टाक. पाहुण्यानं कुठं बसायचं ते त्या यंत्रानं नाही ठरवायचं, मी ठरवायचं. आणि मी ठरवलंय."

स्वयंपाकघरात, ऑलिव्हच्या बरण्या आणि घासायच्या भांड्यांच्या मधे, टाचेची पट्टी झाली, फोटो गेला. टॅबलेट गुमान चालला. संध्याकाळी बिशरचा फोन.

"काय सिस्टर, आज परदेशी गेला नाहीत?"

"गेलो होतो. दोघी. तुझं यंत्र घरी ठेवून."

"मी काही ऐकलं नाही," बिशर म्हणाला.

घर फेरीत राहिलं. टाच अजून पूर्ण भरली नाही, पण पाऊल आहे, आणि डॉक्टर म्हणतो राहील. एवढंच वजीहाला हवं होतं, तरी तिथून आली की ती कुणावर ओरडतसुद्धा नाही. विचारलं तर म्हणाली, पट्टी होईपर्यंत म्हातारी सारखी मान वळवून त्या मोठ्या खोलीकडे बघत असते. आणि पट्टी झाली की वजीहाला पुढच्या पेशंटकडे पळावं लागतं. म्हातारीला पाऊल मिळालं, पण दाखवायला माणूस गेला. फदवानं ते घर इतक्यांदा बघितलंय की ती आता भांडी घासता घासताच "हो हो, दिसलं" म्हणते. आणि तिकडे वर येणारे तुम्ही सगळे तिथले जुने रोमन अवशेष बघता, ज्यूस पिता, फोटो काढता, निघता.

म्हणून लिहिलं. पुढच्या सुट्टीत उम्म कैसला जाणार असाल तर कड्याच्या रस्त्यानं शेवटपर्यंत जा, निळ्या दाराचं घर, वजीहाचं नाव सांगा. म्हातारी तुम्हाला खिडकीपाशी बसवेल आणि बोट करेल. तुम्हाला काही दिसणार नाही, मलाही नव्हतं दिसलं, पण नीट बघा, घाई करू नका. आणि लवकर जा हं. साखर आता तिच्या डोळ्यांत उतरायला लागलीय.