जाऊबाईंनी कारखान्याचे शेअर विकले

माझ्या मोठ्या जाऊबाई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, सव्वीस वर्षं. मोठे भाऊजी तिथेच भट्टीवर. कारखान्यानं कामगारांना स्वस्तात शेअर दिले, तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं दोघांनी त्यातच घातलं. ‘आपला कारखाना’ म्हणताना भाऊजींची छाती फुगायची.

पण जाऊबाई मोठ्या ऑर्डरचा माल कधी एका गाडीत भरू द्यायच्या नाहीत. दोन गाड्या, दोन फेऱ्या; एक उलटली तरी निम्मा माल वाचावा म्हणून. एका दुपारी डबा खाता खाता त्या म्हणाल्या, “अहो, पगार इथला, शेअरही इथलेच. भट्टी थंडावली तर दोन्ही एकदमच जातील की!”

“खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?” भाऊजी उसळले.

“मोजते. घर डोक्यावर पडू नये म्हणून मोजते.”

स्वतःच्या नावावरचे शेअर त्यांनी विकले. बँकेतल्या बाईंना प्रश्न विचारून भंडावलं आणि थोडे पैसे वीज कंपनीत, थोडे औषधाच्या, थोडे साबणाच्या कंपनीत घातले. उरलेल्याची ठेव केली. पॅकिंगमधल्या बायका हसायच्या, “आल्या शेठाणीबाई!” त्यात कारखान्याचा भाव दोन वर्षं चढतच राहिला. भाऊजी रोज जेवताना तो आकडा मोठ्यानं वाचायचे. जाऊबाई भाकरी वाढत राहायच्या. सकाळी देवापुढे मात्र जरा जास्त वेळ बसायच्या.

तिसऱ्या वर्षी मोठी गिऱ्हाइकं प्लास्टिककडे वळली. एक भट्टी बंद झाली, दोघांचा पगार निम्म्यावर आला, शेअरचा भाव पाव राहिला. त्याच महिन्यात पुतणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला दहा दिवस. भाऊजी डोकं धरून बसले.

जाऊबाईंनी कागद काढले. साबणानं मार खाल्ला होता, तो तसाच ठेवला. वीज आणि औषध चढले होते, ते विकले. ठेव घरखर्चाला राहू दिली. फी पूर्ण जमली.

कॉलेजात त्यांच्याबरोबर मीही गेले होते. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, “पालक म्हणून कुणाचं नाव?”

भाऊजी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तिच्या आईचं लिहा!”

“हळू बोला हो,” जाऊबाई पुटपुटल्या. मान मात्र ताठ होती. आणि खरं सांगते, माझीही.