साडेसहाचे आबा

आबांच्या मोबाईलला रेंज आली की आमच्या घरात फोटोंचा पूर यायचा. आबा म्हणजे माझे वडील. दिवाळी उरकली की ते मेंढरं घेऊन धाकट्या चुलत्याच्या बिऱ्हाडाबरोबर राजुरीहून निघतात. रानारानांतून मुक्काम करत घाटघरच्या पठारावर पोचतात, तिथं काही दिवस थांबतात आणि मग घाट उतरून कोकणात जातात. परत येतात ते थेट पावसाच्या तोंडावर. वाटेत डोंगरात रेंज कसली आणि काय. आठ-दहा दिवसांनी एखाद्या उंच दगडावर ती सापडली की इकडं माझा फोन थरथरायला लागायचा. एका दमात छत्तीस फोटो. मेंढरांचे, कोकरांचे, दगडावर उभ्या असलेल्या आबांचे, आणि तीन-चार निव्वळ चुलतीच्या अंगठ्याचे, कारण फोटो ती काढायची.

मी ते सगळे उचलून आमच्या पेजवर टाकायचे. पेज मीच काढलेलं. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, मग घरी बसूनच कंपनीचं काम करायला लागले. माणूस घरी बसला की त्याला नको ते उद्योग सुचतात. आमच्या मेंढरांच्या लोकरीच्या घोंगड्या विकायच्या, एवढाच बेत होता. पण लोकांना घोंगडीपेक्षा आबाच जास्त आवडले. लाल पटका, पुढचा एक पडलेला दात, आणि कॅमेरा दिसला की तोंडभर हसायची खोड. आठ दिवस पेजवर चिटपाखरू नाही आणि नवव्या दिवशी छत्तीस फोटो, असा माझा कारभार होता. पुण्याच्या एका बाईंनी खाली लिहिलं, "ताई, फोटो टाकताय की मेंढरं सोडताय?" मला लई राग आला. पण बाई बोलल्या ते खरं होतं. तेव्हाच ठरवलं, की फोटो आधी भरून ठेवले की रोज एक आपोआप जाईल असं एखादं टूल घ्यायचं.

आता आईचं सांगायला हवं. पंचवीस वर्षं ती आबांच्या मागं मेंढरं वळत चालली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला आणि ती घरी राहिली. घरी राहिली म्हणजे अंगानं राहिली. आमच्याकडं उसात बिबट्या, डोंगरात बिबट्या, आणि ज्याला त्याला तोच विषय. तिला आबांची एकच खबर हवी असायची, माणूस बरा आहे ना. त्यासाठी आबा मिस्ड कॉल द्यायचे. फोटोंना पुरी रेंज लागते, पण फोनवर एक काडी दिसली तरी मिस्ड कॉल जातो. एकदा वाजून फोन बंद झाला की सगळं ठीक. उचलायचा नाही. आता बोलणं फुकट झालंय तरी त्यांची ती पद्धत मोडली नव्हती. तीन दिवस कॉल आला नाही तर आई गप्प व्हायची. चौथ्या दिवशी भाकरी करपायची आणि ती मी निमूट खायची.

तर टूल निवडायला मी दुपारी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि आई शेजारी लोकर पिंजत बसायची. तिला काही कळत नाही असं मला वाटायचं, म्हणून मी तिला सगळं वाचून दाखवायचे.

पहिल्या टूलनं दारातच चौकशी मांडली. ब्रँड कोणता, टीममध्ये किती जण, या वर्षीचं उद्दिष्ट काय. टीममध्ये मी, आई आणि सव्वाशे मेंढरं. मी 'शंभरच्या वर' असं निवडलं, तर त्यांनी मला मोठ्या कंपन्यांच्या पानावर नेऊन बसवलं आणि आमचा माणूस फोन करेल म्हणून सांगितलं. केला पण दुसऱ्या दिवशी, इंग्रजीत. टीम कुठं बसते असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सध्या फिरतीवर आहे.

दुसरं टूल फुकट होतं, पण प्रत्येक फोटोवर स्वतःचं नाव छापायचं. तेही बरोबर आबांच्या पटक्यावर.

"ह्यांच्या डोक्यावर कुणाचं नाव घातलंय?" आईनं विचारलं.

"फुकट आहे ना, म्हणून."

"मंग निवडणुकीला उभं केल्यावानी दिसत्यात. काढ ते."

तिसरं फार शहाणं होतं. फोटोखाली काय लिहायचं ते स्वतःच सुचवायचं. आबांच्या खांद्यावर झोपलेल्या कोकराचा फोटो दिला तर त्यानं लिहिलं, 'सोमवारची नवी ऊर्जा! तुम्ही तयार आहात का?' आईनं कशाला तयार व्हायचंय ते विचारलं. मलाही सांगता येईना. शिवाय आमच्या माणसांसाठी सगळ्यात चांगली वेळ दुपारी एक वाजून सतरा मिनिटं, असंही त्यानं शोधून काढलं होतं. आई म्हणाली, त्या वक्ताला माणूस भाकरी खाईल का फोटो बघंल. तिसरंही गेलं.

चौथ्यात मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या चौकटी होत्या. फोटो चौकटीत ओढून सोडायचा, वेळ घालायची, झालं. महिन्याला तीस फोटो फुकट आणि डोक्यावर कुणाचं नाव नाही. आई लोकर बाजूला ठेवून पुढं सरकली. म्हणाली, "हेच घे. साडेसहाची येळ दे, सकाळची. माझा चहा झालेला असतो."

आणि मी तिला म्हटलं, "आता बघ आई, रोज सकाळी साडेसहाला आबा आपोआप येतील."

हे वाक्य मी बोलले. दुसरं कुणी नाही.

आईनं त्याचा अर्थ लावला तो कुणीही लावला असता. आबा रोज डोंगरात फोटो काढून घेतात आणि ही मशीन तो साडेसहाला इथं आणून टाकते. पहिल्या आठवड्यातच माझ्या ते लक्षात आलं. एका सकाळी फोन डोळ्यांजवळ धरून ती म्हणाली, "आज जरा हडाकल्यावानी दिसत्यात. खात न्हाईत वाटतं नीट." तो फोटो अकरा दिवसांपूर्वीचा होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ती मजेत होती. भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. शेजारणीला फोन दाखवून, "ह्ये बघा, आत्ताचं हायती," म्हणत होती. भाकरी करपत नव्हती. आणि खरं सांगायचं तर पेज जोरात चाललं होतं, आणि मला कुठल्याही भानगडीत पडायचं नव्हतं. मी गप्प राहिले, आणि रोज गप्प राहणं सोपं होत गेलं.

पुढच्या खेपेला आबांना रेंज आली तेव्हा मी त्यांना फोनवर सांगितलं, "आबा, आई तुम्हाला रोज सकाळी बघते बरं का." आबा हसले. म्हणाले, "मंग मिस्ड कॉलची कटकट गेली म्हणायची." आणि खरंच गेली.

मी मात्र कॅलेंडर सजवण्यात गुंग होते. फोटो ज्या दिवशी काढले त्या क्रमानं लावले तर चार दिवस ओळीनं मेंढरांच्या पाठीच दिसायच्या. म्हणून मी आज कोकरू, उद्या आबा, परवा धुकं, असं शोभेल तसं लावत होते. महिन्याच्या सगळ्या चौकटी भरल्या की मला स्वतःचं लई कौतुक वाटायचं.

एका सकाळी मी दात घासत होते तेव्हा आई फोन घेऊन मोरीच्या दारात आली.

"ही मेंढी बघ."

पांढऱ्या कपाळाची काळी मेंढी. मी म्हटलं, छान आहे.

"मंगळवारी हिच्या पायात कोकरू घुटमळत व्हतं. आठ दिसाचं तरी असंल. आज बेस्तरवार, आन् ही पोट घेऊन उभी हाय. व्यालेली मेंढी दोन दिसांत परत गाभण?"

"दुसरी असेल गं."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की तोंडातला फेस तसाच राहिला. "पंचवीस वर्सं मेंढरं वळली म्या. तू मला मेंढी शिकवती व्हय?"

पेजवर हजारो लोक होते. इंजिनिअर होते, डॉक्टर होते, वरचेवर 'वा!' लिहिणारे कवी होते. एकालाही ते दिसलं नव्हतं. मी चूळ भरली आणि सगळं सांगितलं. चौकटी, आधी भरून ठेवलेले फोटो, मागचे पुढं आणि पुढचे मागं.

"म्हंजे आजचं आबा आजचं न्हाईत."

"नाही."

"कवाचं?"

मी फोटोची तारीख बघितली. "एकवीस दिवसांपूर्वीचे."

"आन् त्यांचा आवाज कवा ऐकलास तू?"

बारा दिवस झाले होते; घाटघरच्या पठारावर पोचलोय, असं तेव्हा म्हणाले होते. बारा दिवसांत एक मिस्ड कॉल नाही, आणि आमच्या घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी आबांना फोन लावला, लागला नाही. चुलत्याला लावला, लागला नाही. आई तोवर लुगडं बदलून दारात उभी होती.

राजुरीहून जुन्नरपर्यंत एसटी, पुढं घाटघरपर्यंत जीप. आई सगळ्या वाटेनं माझ्याशी बोलली नाही, जीपवाल्याशी मात्र त्याच्या घरच्या गाईंपर्यंत बोलली. गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले होते तिनं. मला खिडकीतून काय काय दिसत होतं ते लिहीत नाही. बिबट्या तर प्रत्येक वळणावर दिसला. मनातल्या मनात मी सगळ्या देवांना सांगून टाकलं, की एवढी वेळ निभावून न्या, मी परत कुठल्याच टूलचं नाव घेणार नाही.

आबा चुलत्याच्या पालात घोंगडीवर पडले होते. डावा पाय घोट्यापासून सुजून काळानिळा, वर कसला तरी पाल्याचा लेप. फोटोसाठी ज्या दगडावर चढायचे त्याच दगडावरून घसरले होते. त्याला नऊ दिवस झाले होते. तरी माणूस जिवंत बघून इतकं बरं वाटलं की मी तिथंच भुईवर बसकण मारून रडले. आई रडली नाही.

"आवं, कळवायचं न्हाई व्हय?"

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "कशाला घोर लावायचा तुला? रोज दिसत व्हतो ना मी? उभाच दिसत व्हतो ना? हीच म्हणली, फोटो रोज जात्यात."

म्हणजे यांनीही त्याचा फायदा घेतला होता. चुलत्याला फोन करू दिला नव्हता. चुलती चहाचं निमित्त काढून पालाबाहेर सटकली. आत आम्ही दोघं गुन्हेगार उरलो आणि समोर ती.

जुन्नरला दवाखान्यात दाखवलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून दिलं, आणि दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. मेंढरं चुलत्याकडं ठेवून आबांना आम्ही घरी आणलं. डोंगरातला माणूस छताखाली आल्यावर जसा कुरकुरतो तसे ते कुरकुरत होते, आणि आई त्यांना रागावून रागावून खाऊ घालत होती. माझ्याशी अजून तुटकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खाटेवर, प्लास्टरचा पाय उशीवर. आई चहा घेऊन आली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. साडेसहा. या सगळ्या धावपळीत टूल बंद करायचं मी साफ विसरले होते. स्क्रीनवर आबा घाटघरच्या दगडावर दोन्ही पायांवर उभे, तोंडभर हसत. आईनं फोनकडं बघितलं, खाटेकडं बघितलं, परत फोनकडं बघितलं. आबांनाही मान लांब करून तो फोटो बघायचा होता. बघून ते खूश झाले. म्हणाले, "ह्यो बरा आलाय."

"आजून किती हायत रांगेत?" आईनं मला विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. "चौदा."

ती बोटांवर मोजत गेली. दहावर थांबली.

"म्हंजे ह्ये आज त्या दगडावरनं खाली दरीत गेलं असतं, तर आपुन नदीवर ह्यांचा दहावा उरकून घरी आलो असतो, आन् तरी चार दिस सकाळी साडेसहाला ह्ये दात काढीत उभं राह्यलं असतं. आन् खबर येस्तवर मी म्हणलं असतं, आज जरा हडाकल्यावानी दिसत्यात."

आबांचं हसणं गेलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि आईच्या पदराचं टोक धरून ठेवलं. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती, त्या नऊ दिवसांचीही नाही.

मी चौदाच्या चौदा चौकटी निवडल्या आणि काढून टाकायचं बटण दाबलं. स्क्रीनवर एक पाटी आली. आईनं विचारलं, काय म्हणतंय.

"खरंच काढायचे का, विचारतंय. परत मिळणार नाहीत म्हणे."

"काढताना इचारतंय," आई म्हणाली. "टाकताना तू इचारलं व्हतंस का मला?"

"नाही," मी म्हटलं, आणि 'हो' वर बोट ठेवलं.