माहेरच्या नावाने आलेला फोन

ती घटना आठवली की अजूनही फोन उचलताना माझा हात थबकतो.

मी तेव्हा माजरीच्या पोलीस ठाण्यात महिला शिपाई होते. सातवी शिकलेली, पण जबाब नीट लिहायचे. कोळसा खाणीच्या वसाहतीत फोन मोजक्याच घरी. बाकीचे लोक शेजाऱ्याचा नंबर देत. त्याच नंबरांवर भरदिवसा निरोप येऊ लागले. तुमचे मालक खदानीत दबले, चंद्रपूरच्या दवाखान्यात या. बाई कुलूप लावून धावायची, शेजारीणही सोबत. परत येईतो घर साफ. तीन फिर्यादी आल्या. तिसरीच्या लेकीच्या लग्नाचे दागिने गेले. लग्न तोंडावर होतं.

जबाबात ती म्हणाली, "त्यानं अनसूया म्हणून मले बलावलं. हे माहेरचं नाव सासरी कोणाले ठाऊक नाई."

तेच नाव तिच्या मनगटावर गोंदलेलं होतं. बाकी दोघींचंही तसंच निघालं.

साहेब म्हणाले, "पण बाईचा हात निरखून पाहते कोण?"

"तुम्ही बांगड्या भरत नाई साहेब, म्हणून इचारता," मी म्हटलं.

तिघींनी बाजारातल्या एकाच माणसाकडून बांगड्या भरल्या होत्या. नवा माल आला की कळवतो म्हणून त्याने नंबर घेतले होते.

मी साडी नेसून त्याच्याकडे गेले. नाव सांगितलं नाही, नुसता माहेरचं नाव गोंदलेला हात पुढे केला.

"मालक कुठी असते बाई?"

"खदानीत. पहिल्या पाळीले."

हे खरंच होतं. शेजारणीचा नंबर दिला आणि माझ्या घरात पंच व दोन शिपाई बसवले.

चौथ्या दिवशी शेजारीण ओरडली, "कौसल्या कोण हाय वं? फोन हाय!"

कौसल्या मीच. "मालक दबले, लवकर या," पलीकडून आवाज आला. फोन खोटा आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी चपला घालायचं राहिलं. कुलूप लावून धावले. अर्ध्या तासात बांगडीवाल्याचा साथीदार कुलूप तोडताना सापडला.

बांगडीवाल्यालाही ठाण्यात आणलं, पण तो नाईच म्हणत होता. मी वर्दीत समोर बसले, हात टेबलाखाली.

"माझं नाव काय?"

"कौसल्याबाई."

मी छातीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिथे सासरचं नाव होतं. त्याने मान खाली घातली. दागिने त्याच्या घरून जप्त झाले.

फोनवर कोणी फसलं की लोक हसतात. मी हसत नाही. खोटं आहे हे कळून काही उपयोग नसतो, आपलं माणूस समोर दिसावं लागतं.

त्या दिवशी पंचनामा आटोपून मी खाणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. पाळी सुटली. नवरा कोळशाने माखलेल्या तोंडाने बाहेर आला.

"इथी काऊन उभी?"

"डबा द्या इकडे," म्हटलं आणि घराकडे निघाले.