तिन्ही डॉक्टरांची एकच आई

दातांच्या डॉक्टरीणबाईंना वेबसाइट हवी होती आणि कामाला मावसभाऊ होता. लहानपणी सायकलवर डबलसीट नेणारा, आता वेबसाइट बनवून पोट भरणारा. बाई म्हणाल्या, "तयार साचा घे, त्यात नाव-पत्ता टाक, झालं."

"ताई, तयार साचा म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा," तो म्हणाला. "तुझं मी खास तुझ्यासाठी बनवतो."

तो दवाखान्यात येऊन बसायचा. लोक दार ढकलून आत येताना घाबरतात, बाकाच्या कडेवर टेकतात, हे बघायचा. बोलता बोलता बाईंनी त्याला आईची गोष्ट सांगितली. दातांच्या डॉक्टरची इतकी धास्ती, की दुखणं अंगावर काढून काढून आईचे पुढचे दात गेले. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसायची. म्हणून लेक याच धंद्यात शिरली.

"हेच पहिल्या पानावर टाकू," मावसभाऊ म्हणाला. आई आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या दवाखान्यापुरतं असेल तर टाक."

पान सुरेख झालं. ते वाचून घाबरट माणसं यायला लागली. बाई खुशीत होत्या.

एक दिवस खुर्चीत बसलेल्या शिक्षिकेने सहज विचारलं, "डॉक्टर, तुमच्या आई आणखी दोन डॉक्टरांच्याही आई आहेत का?"

बाईंना थट्टा कळेना. तिने फोन पुढे केला. पलीकडच्या वस्तीतला एक दवाखाना, स्टेशनजवळचा दुसरा. रंग वेगळे, फोटो वेगळे, पण तोंडावर हात धरून हसणारी आई तीच, शब्दही तेच.

"मग खरी कोणाची?" शिक्षिका म्हणाली. बाईंनी "माझी" म्हटलं खरं, पण ते त्यांनाच खोटं वाटलं.

मावसभाऊ वरमला नाही. "ताई, तुझं पान इतकं छान जमलं, की मी त्याचाच साचा केला. लोकांना आवडतं ना. कुणाचं काय बिघडलं?"

"माझ्या आईचं."

"मावशीला कोण सांगणार आहे?"

हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. त्याला कळत होतं तर. कळून सवरून त्याने घरातलं दुखणं बाजारात मांडलं होतं.

बाईंनी आईला स्वतःच सांगितलं. आई चिडली नाही, रडलीही नाही. "त्याला मी मांडीवर खेळवलंय," एवढंच म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती गोष्ट काढून टाकली. दोन्ही डॉक्टरांना फोन केले. एकाने माफी मागून पान बदललं. दुसरा म्हणाला, "मी पैसे मोजून घेतलंय, तुमचं तुमच्या भावाशी बघा."

आता बाईंची वेबसाइट तयार साच्यातली आहे. वेळ, पत्ता, फोन नंबर. मावसभावाचे फोन येतात, त्या उचलत नाहीत.